घरचं सोयाबीन गाईंना चालेल का? कडधान्य काय पेरू? मदत हवी आहे

गोठेकरी: पेंडीच्या भावानं कंबर मोडली. सोयाबीन भाव नाही म्हणून घरातच पडून होतं, ते चालू केलं. चौथा दिवस. शेण पातळ, वर त्यात अख्खे दाणे. दूध उलट अर्ध्या लिटरनं उतरलं. प्रथिनासाठी खरिपात काय पेरू? लवकर सांगा, बी आजच आणायचंय.

बांधावरचा: गाई किती? पाणी? सोयाबीन कसं देता, किती देता? आम्ही काय ज्योतिषी आहोत?

दशरथप्रेमी: सोयाबीन सोडा, दशरथ घास लावा, प्रथिनाचा हिरवा चारा. एकदा लावला की तीन-चार वर्षं कापत राहायचं. शेळ्या तर तुटून पडतात.

माणदेशी: शेळ्यांचं कुणी विचारलंय? पावसावर असाल तर मका-चवळी. दोन ओळी मका, एक ओळ चवळी. चवळी फुलावर आली की कापा, साधारण दोन महिन्यांत.

गोठेकरी: सहा एचएफ (होल्स्टीन) गाई. बोअर फेब्रुवारीपर्यंत. सोयाबीन रात्री भिजवून सकाळी गाईला किलोभर.

नगरी: भाजून भरडून द्यायचं हो! कच्च्यात पचन अडवणारा घटक असतो.

बांधावरचा: तो कोंबड्यांना आणि लहान वासरांना बाधतो. मोठ्या गाईच्या पोटातले जंतू त्याला बऱ्यापैकी पुरून उरतात. इथं तेल नडलं असावं. दाण्यात 18-20 टक्के तेल, ते जास्त झालं की चारा पचत नाही. भाजलं तरी एकदम किलोभर नको.

नगरी: माझ्याकडे भाजल्यावर फरक पडला, एवढं मला माहीत आहे.

लसूणवाला: ऑक्टोबरात लसूणघास टाका, राहुरी कृषी विद्यापीठाचं आरएल 88 वाण. फक्त कोवळा घास उपाशी गाईला नको, पोट फुगतं. आधी कडबा.

बांधावरचा: एक राहिलं. युरिया देता का कशातून?

गोठेकरी: कडब्यावर युरिया-गुळाचं पाणी शिंपडतो. सगळेच करतात. का?

बांधावरचा: कच्चं सोयाबीन आत्ता बंद करा! त्यातल्या युरिएज नावाच्या विकरानं युरियाचा झपाट्यानं अमोनिया होतो. गाय थरथरायला लागली, लाळ गळली, पोट फुगलं तर डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळत नाही.

परसबाग: माझ्या गावरान कोंबड्यांना भाजलेलं चालेल ना?

गोठेकरी: बंद केलं. संध्याकाळचं भिजत घातलेलं पण ओतलं. चवळीचं बी एकरी किती लागेल? दुकान एकला बंद होतं.