मिथुन उल्कावर्षाव: पुण्यातल्या गच्चीवरून पाहावा की शहराबाहेर जावे?

धायरीची गच्ची (प्रश्न)

नमस्कार. आम्ही धायरीला एका सहा मजली इमारतीत राहतो आणि इमारतीची गच्ची रहिवाशांसाठी खुली असते. १३ आणि १४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री मिथुन राशीतील उल्कावर्षाव, म्हणजे ज्याला जेमिनिड्स म्हणतात तो, ऐन भरात असतो असे वाचनात आले आणि तासाला १२० उल्का दिसतात असा आकडाही सगळीकडे दिलेला आढळला. माझी मुलगी चौथीत आहे आणि तिला आकाशाचे वेड लागले आहे. तिच्याबरोबर माझ्या सासूबाईंनाही हे पाहण्याची मनापासून इच्छा आहे, मात्र गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना अंधारात दगडधोंड्यांतून चालवत नेणे शक्य नाही. पानशेत किंवा वेल्ह्याच्या पुढे गेल्याशिवाय पुणेकरांना काहीही दिसत नाही, असे आमच्या शेजाऱ्यांचे ठाम मत आहे. ऑगस्टमधला ययातीचा उल्कावर्षाव दरवर्षी पावसाळी ढगांत जातो, त्यामुळे डिसेंबरची संधी तरी वाया जाऊ नये असे वाटते. गच्चीवरून पाहण्यात खरोखर अर्थ आहे का, किती वाजता आणि कोणत्या दिशेला पाहावे, आणि त्यासाठी बायनॉक्युलर विकत घ्यावी का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पुनर्वसू

गच्चीवरून पाहण्यात निश्चित अर्थ आहे, पण त्यासाठी १२० हा आकडा कोणत्या अटींवर दिलेला असतो हे आधी समजून घ्यायला हवे, नाहीतर मुलीची निराशा होईल. साध्या डोळ्यांना साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे अंधुक तारे दिसतील इतके काळेभोर आकाश आहे आणि उल्का ज्या बिंदूतून येताना भासतात तो उगमबिंदू नेमका डोक्यावर आहे, असे गृहीत धरून तो काढतात. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक, हे आपल्याला माहीत असेलच. पुण्याच्या उपनगरातल्या बऱ्यापैकी गच्चीवरून चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात असे धरले, तर या वर्षावाचे गणित उगमबिंदू सर्वांत उंच असतानाही तासाला दहा-अकरा उल्कांवर येते. शहराबाहेर साडेपाचव्या प्रतीपर्यंत दिसत असेल, तर त्याच वेळी तिथे चाळीस-पंचेचाळीस दिसू शकतात.

आता वेळ लक्षात घ्या, कारण माझ्या मते अंतरापेक्षा ती अधिक महत्त्वाची आहे. हा उगमबिंदू मिथुन राशीत, पुनर्वसू नक्षत्रातल्या कॅस्टर या ताऱ्याजवळ आहे. पुण्याच्या क्षितिजावर तो त्या दिवशी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास ईशान्य-पूर्वेला उगवतो, नऊ वाजता जेमतेम सोळा अंश वर आलेला असतो आणि रात्री अडीचच्या आसपास सुमारे पंच्याहत्तर अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर पोहोचतो. त्यामुळे रात्रीचे जेवण करून नऊ वाजता पानशेतच्या अंधारात बसणाऱ्याला तासाभरात जेवढ्या उल्का दिसतील, जवळपास तेवढ्याच तुम्हाला मध्यरात्रीनंतर दोन ते तीन या वेळात धायरीच्या गच्चीवरून दिसतील. शहराबाहेर जाऊन अकराला परत फिरणारे लोक दोन्हीकडचा लाभ गमावतात, याचे मला वाईट वाटते. मुलीला नऊलाच झोपवून दीड वाजता उठवावे.

आपली गच्ची कितपत अंधारी आहे हे आधीच्या एखाद्या रात्री तपासून पाहता येईल. कृत्तिकांच्या पुंजक्यात सहा तारे वेगवेगळे मोजता आले, तर आकाश चौथ्या प्रतीपेक्षा थोडे अधिक चांगले आहे असे समजावे, कारण त्यांतला सहावा तारा ४.३ प्रतीचा आहे. पहाटे तीननंतर सप्तर्षी ईशान्येला वर आलेले असतात. तेव्हा वसिष्ठाशेजारची अरुंधती शोधावी, ती चौथ्या प्रतीची आहे. सासूबाईंना ती दाखवावी आणि शक्य झाल्यास त्यांनीच ती नातीला दाखवावी.

चंद्राचा विचार करायला दिनदर्शिकेतली तिथी पुरेशी आहे. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. ज्या वर्षी १३ डिसेंबरला शुद्ध अष्टमी किंवा तिच्या आधीची तिथी येते, त्या वर्षी मध्यरात्रीनंतरचे आकाश पूर्ण काळोखाचे मिळते. पौर्णिमेच्या आगेमागे तिथी असेल, तर फक्त तेजस्वी उल्का दिसतील आणि तेव्हा पानशेतलाही फार मोठा फरक पडणार नाही.

बायनॉक्युलर या कामासाठी घेऊ नये. उल्का आकाशात कुठेही क्षणभर चमकून जाते आणि बायनॉक्युलरमधून दिसणारा आकाशाचा तुकडा फार लहान असतो. उताणे पडून जास्तीत जास्त आकाश डोळ्यांत मावेल असे पाहावे आणि थेट मिथुनेकडे टक लावण्याऐवजी तिच्यापासून चाळीस-पन्नास अंश दूरचा, जो भाग सर्वांत काळा असेल तो निवडावा, कारण उगमबिंदूजवळच्या उल्का आखूड रेघांसारख्या आणि दूरच्या लांबलचक दिसतात. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की ही मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. म्हणून सर्वांनी मोबाइल खालीच ठेवून यावे, आणि उजेड हवाच असेल तर विजेरीच्या तोंडावर लाल जिलेटिन कागद बांधावा.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या ज्या बाजूला रस्त्यावरचे दिवे आड होतात, तिथे सतरंजी अंथरावी आणि सासूबाईंसाठी आरामखुर्ची ठेवावी. सोसायटीच्या समितीला आधी पत्र देऊन गच्चीचे आणि वाहनतळाचे मोठे दिवे दोन तासांसाठी बंद ठेवण्याची विनंती अवश्य करा. एका रात्रीपुरती ही विनंती बहुतेक समित्या मान्य करतात, आणि त्यामुळे इतर मुलेही वर येतात.

मावळवाट

वरील उत्तराशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरीही ज्यांना जाणे शक्य आहे त्यांनी शहराबाहेर जावे, असे मी आग्रहाने म्हणेन. चाळीस उल्का आणि दहा उल्का यांतला फरक केवळ संख्येचा नाही. अंधाऱ्या आकाशात दोन उल्कांमधली वाट पाहण्याची वेळही रिकामी जात नाही, कारण मृगातला तेजोमेघ, कृत्तिकांभोवतीचे बारीक तारे आणि हिवाळी आकाशगंगेचा फिकट पट्टा हे सगळे डोळ्यांसमोर असते. लहान मुलांना धीर धरायला लावण्यात याची फार मदत होते.

जागा निवडताना लोक फक्त पुण्यापासूनचे अंतर मोजतात आणि दिशेचा विचार करत नाहीत. वेल्हे पुण्याच्या नैर्ऋत्येला आहे, त्यामुळे तिथून पुण्याच्या प्रकाशाचा घुमट ईशान्येला दिसतो, आणि संध्याकाळी मिथुन रास नेमकी त्याच बाजूने वर येते. उलट सासवड-जेजुरीच्या बाजूला गेल्यास तो घुमट वायव्येला राहतो आणि पूर्वेचे आकाश मोकळे मिळते, पण त्या भागात डोंगररांगांचा तितका आडोसा नसल्याने दूरवरचे दिवे अधिक डोळ्यांवर येतात. मध्यरात्रीनंतर उगमबिंदू डोक्यावर आल्यावर दिशेचा हा प्रश्न उरत नाही, आणि म्हणून पूर्ण रात्र थांबणाऱ्याने पश्चिमेकडची डोंगराळ बाजूच निवडावी. धरणाच्या अगदी काठावर मात्र बसू नये. डिसेंबरच्या पहाटे पाण्यालगत धुके धरते आणि ऐन मोक्याच्या वेळी आकाश पुसले जाते. काठापासून थोड्या उंचीवरची पठारे त्या दृष्टीने चांगली.

सासूबाईंसाठी गडावर किंवा माळावर जाण्याची गरज नाही. ज्या कृषी पर्यटन केंद्राला मोकळे अंगण आहे आणि ज्याचे मालक रात्री अंगणातले दिवे बंद ठेवायला तयार आहेत, असे एखादे ठिकाण फोन करून आधीच ठरवावे. दिव्यांविषयी स्पष्ट विचारावे, कारण बऱ्याच ठिकाणी झाडांवर रात्रभर रोषणाई चालू असते. वनखात्याच्या हद्दीत किंवा किल्ल्यावर रात्री थांबायचे असल्यास परवानगीची चौकशी करूनच निघावे. जुन्नर-आंबेगावच्या बाजूला उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असतो, तेव्हा तिकडे शेताच्या बांधावर मुलांना घेऊन बसणे टाळावे. आणि थंडीला कमी लेखू नये. निश्चल पडून राहिल्यावर गारठा चालतानापेक्षा कितीतरी अधिक लागतो आणि पहाटे दवाने पांघरूण ओले होते, म्हणून अंगाखाली जाड घोंगडी आणि वर प्लास्टिकचा कागद, दोन्ही असावे.

धायरीची गच्ची

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वेळेचे गणित वाचून या वर्षी गच्चीच निवडायचे आम्ही ठरवले आहे आणि समितीला पत्रही लिहीत आहे. हे सर्व मुलीला वाचून दाखवले, तेव्हा तिने दोन प्रश्न विचारले आणि मला त्यांची नीट उत्तरे देता आली नाहीत. सगळ्या उल्का एकाच ठिकाणाहून कशा काय येतात, आणि त्या जळून खाली पडतात तेव्हा आपल्या गच्चीवर एखादी सापडेल का?

निरीक्षणवही

आपल्या मुलीचे दोन्ही प्रश्न उत्तम आहेत. उल्का प्रत्यक्षात एका ठिकाणाहून येत नाहीत, त्या एकमेकींना समांतर येतात. भर पावसात कात्रजच्या घाटातून गाडीने जाताना सगळे थेंब समोरच्या एका बिंदूतून फाकत काचेवर येताना दिसतात, त्याप्रमाणेच समांतर मार्गांनी येणारे कण पृथ्वीवरून पाहताना आकाशातल्या एका बिंदूतून पसरल्यासारखे भासतात. एखादी उल्का मिथुन वर्षावातलीच आहे का, हे ठरवण्याची रीतही यातूनच मिळते. तिची रेघ मनातल्या मनात मागे वाढवावी. ती पुनर्वसूपाशी पोहोचली तर उल्का या वर्षावातली, नाहीतर कोणत्याही रात्री दिसणारी सुटी उल्का. ही ओळख मुले फार लवकर शिकतात.

हे कण कुठून आले, हा या वर्षावातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. बहुतेक उल्कावर्षावांचे मूळ एखाद्या धूमकेतूत असते. ययातीतल्या वर्षावाचे स्विफ्ट-टटल धूमकेतूत आहे, तर सिंह राशीतल्या वर्षावाचे टेंपल-टटल धूमकेतूत. मिथुन वर्षाव १८६२ पासून नोंदला गेला, तरी त्याचे मूळ शतकभराहून अधिक काळ सापडले नव्हते. १९८३ मध्ये आयरास या अवरक्त किरणांच्या कृत्रिम उपग्रहाने टिपलेल्या निरीक्षणांतून एक लहान पिंड हाती लागला आणि त्याची कक्षा या कणांच्या कक्षेशी जुळते असे फ्रेड व्हिपल यांनी दाखवून दिले. तो पिंड म्हणजे ३२०० फेथॉन. तो धूमकेतू नसून लघुग्रहासारखा खडकाळ आहे, त्याचा व्यास पाच-सहा किलोमीटर आहे आणि सुमारे १.४ वर्षांच्या प्रत्येक फेरीत तो सूर्यापासून अवघ्या दोन कोटी किलोमीटरपर्यंत, म्हणजे बुधाच्या कक्षेच्याही बराच आत जातो. त्या भाजणाऱ्या जवळिकीचा कणांच्या या प्रवाहाशी नेमका संबंध कसा, यावर अजून संशोधन चालू आहे. मुलीला हेही जरूर सांगा, म्हणजे शोधायचे काही शिल्लक आहे हे तिला कळेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की गच्चीवर काही सापडणार नाही. हे कण बहुतांशी वाळूपासून बारीक खड्यापर्यंतच्या आकाराचे असतात. ते सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवर चमकून नष्ट होतात. सिंह वर्षावातल्या कणांचा वेग सेकंदाला ७१ किलोमीटर असतो, त्या मानाने मिथुनेतल्या उल्का सावकाश जातात आणि नवख्या डोळ्यांनाही पकडता येतात. जमिनीपर्यंत पोहोचणारे दगड, ज्यांना आपण अशनी म्हणतो, ते साधारणपणे बऱ्याच मोठ्या तुकड्यांचे अवशेष असतात. शंभर किलोमीटरची ही उंची मुलीला पटवायची असल्यास हात लांब करून मूठ आकाशात धरायला सांगा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश होतात. पश्चिम-वायव्येला क्षितिजापासून चार मुठी उंचीवर दिसलेली उल्का पुण्यावर नसून मुंबईच्या वर कुठेतरी जळलेली असते.

एक विनंती मात्र करतो. नुसते पाहून सोडू नका, नोंद ठेवा. अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखून प्रत्येकात मिथुनेतल्या आणि सुट्या उल्का वेगळ्या लिहाव्यात, सुरुवातीला आणि शेवटी कृत्तिकांतले किती तारे दिसले ते नोंदवावे, आणि ढगांनी आकाशाचा किती भाग किती वेळ झाकला तेही लिहावे. प्रत्येक व्यक्तीची मोजणी स्वतंत्र ठेवावी, सर्वांची बेरीज करू नये. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदी जगभरातून स्वीकारते, आणि चौथीतल्या मुलीने प्रामाणिकपणे लिहिलेल्या दहा उल्कांनाही त्यात मोल असते. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून पुण्यात आकाशनिरीक्षणाचे काम करत आहे. नोंदी कशा ठेवायच्या याबद्दल तिथल्या अनुभवी लोकांना भेटता आले तर अधिक चांगले.

१३ तारखेला ढग आले तर काय, हाही विचार करून ठेवावा. या वर्षावाचा भर हळूहळू चढतो आणि नंतर त्या मानाने लवकर उतरतो, त्यामुळे पर्यायी रात्र म्हणून आदली, म्हणजे १२ आणि १३ च्या दरम्यानची रात्र हाताशी ठेवावी. तीही गेली तर थेट ६ मेच्या आसपासच्या पहाटा धराव्यात. त्या वेळी कुंभ राशीतून हॅलेच्या धूमकेतूचे कण येतात. उगमबिंदू खगोलीय विषुववृत्तालगत असल्यामुळे युरोपपेक्षा पुण्याच्या साडेअठरा अक्षांशावरून तो कितीतरी उंच चढलेला मिळतो आणि पहाटे तीन ते पावणेपाच हा वेळ त्यासाठी योग्य असतो. शाळेला तेव्हा सुटी असते आणि गच्चीवर घोंगडीही लागत नाही.