अतिदक्षता विभागातील परिचारिका टिकत नाहीत : बाँड हा उपाय आहे का?

प्रश्न – इन्चार्ज सिस्टर, रत्नागिरी जिल्हा
आमच्या खासगी रुग्णालयात आठ खाटांचा अतिदक्षता विभाग असून प्रत्येक पाळीत चार, अशा एकूण चौदा परिचारिका आहेत. नवी जीएनएम (परिचर्येची पदविका घेतलेली) मुलगी व्हेंटिलेटर, शिरेतून मोजून औषध देणारा इन्फ्युजन पंप आणि एबीजी (रक्तातील वायूंची तपासणी) नीट हाताळू लागेपर्यंत सहा महिने जातात, आणि नेमकी त्याच सुमारास ती मुंबईचा किंवा गोव्याचा रस्ता धरते. गेल्या वर्षी पगार वाढवूनही गळती थांबली नाही. आता व्यवस्थापन दोन वर्षांचा बाँड लिहून घेण्याचा आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याचा विचार करीत आहे. याने खरोखर काही साधेल का?

उत्तर १ – स्टाफ नर्स, मूळ गुहागर, सध्या नवी मुंबई
ताई, नवी मुंबईत मला पगार जास्त आहे हे खरे, पण वाढीव रकमेतला बराच भाग खोलीच्या भाड्यात जातो. गाव सोडण्याचे कारण ड्युटी लिस्ट हे होते. ती शनिवारी रात्री लागायची, ऑफ ऐन वेळी रद्द व्हायचा आणि नाइट संपवून निघताना ‘रिलीव्हर आली नाही, थांब’ असे ऐकावे लागायचे. त्यातच आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा संसर्गजन्य ताप) आणि सर्पदंशाचे रुग्ण पावसाळ्यात वाढतात, गणपतीही त्याच दिवसांत येतात, आणि सगळा स्टाफ कोकणातलाच असल्यामुळे सर्वांना तेच पाच दिवस हवे असतात. इथे मल्याळी सिस्टर गणपतीत आमच्या पाळ्या करतात आणि नाताळात आम्ही त्यांच्या करतो. मुंबईत राहून गणपतीला घरी जाणे मला अधिक सोपे झाले, हे विचित्र असले तरी खरे आहे.

उत्तर २ – निवृत्त मेट्रन (रुग्णालयातील परिचारिकांची प्रमुख), सिंधुदुर्ग
बाँडचे नंतर पाहू, आधी आपलाच हिशेब पाहावा. दिवसाच्या तीन पाळ्या, पाळीला चार म्हणजे आठवड्याच्या चौऱ्याऐंशी पाळ्या. प्रत्येकीला एक साप्ताहिक सुट्टी दिली तर त्याला बरोबर चौदाजणी लागतात. म्हणजे तुमच्या यादीत आजारपण, रजा, बाळंतपण यांना जागाच नाही, आणि एकीला ताप आला की दुसरीची डबल ड्युटी ठरलेली. व्हेंटिलेटरवरील रुग्णामागे एक आणि इतर दोघांमागे एक हा निकष धरला, तर निम्म्या खाटा व्हेंटिलेटरवर असताना पाळीला सहा, म्हणजे निव्वळ साप्ताहिक सुट्ट्या धरून एकवीस, आणि रजेची राखीव माणसे मिळवून तेवीस-चोवीस परिचारिका लागतील. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांवर परिचर्या-संशोधक लिंडा एकेन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची संभाव्यता सात टक्क्यांनी, तर परिचारिकेच्या मानसिक थकव्याची तेवीस टक्क्यांनी वाढलेली दिसली. प्रमाणपत्रे अडकवून माणूस थांबेल, पण पहाटे चार वाजता अलार्म वाजल्यावर तो कशा मनाने उठेल, हे व्यवस्थापनाने स्वतःला विचारावे. शिवाय अशा अटींची बातमी नर्सिंग कॉलेजात लगेच पोहोचते, मग अर्जही येत नाहीत.

उत्तर ३ – फिजिशियन, छोटे रुग्णालय चालवतो
मेट्रन मॅडमचा हिशेब बिनचूक आहे, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांसाठी सुचवलेले परिचारिकेचे किमान २०,००० रुपये मासिक वेतन धरले, तरी चोवीसजणींचे महिन्याला ४ लाख ८० हजार होतात, आणि खाटा बारा महिने भरलेल्या नसतात. आम्ही व्हेंटिलेटरच्या खाटा स्टाफच्या बेताने कमी केल्या आणि जास्तीचे रुग्ण वेळीच पुढे पाठवू लागलो. उत्पन्न घटले, पण डबल ड्युटी जवळजवळ बंद झाली.

प्रश्नकर्ती
व्यवस्थापनापुढे चौऱ्याऐंशी पाळ्यांचा हिशेब मांडणार आहे. पुढच्या महिन्याची लिस्ट वीस तारखेला लावणे मात्र माझ्याच हातात आहे, ते लगेच सुरू करते. गणपतीसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून तात्पुरता प्रशिक्षित स्टाफ कोणी आणला असल्यास, राहण्याची सोय कशी केली ते कृपया कळवावे.