दक्षिण सुदान: शांतिसेनेचा उपयोग होतो की नाही?

मळवाट:
माझा मामेभाऊ लष्करात आहे, युएनच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानच्या मलकाल शहरात राहून आला. तिथल्या विस्थापितांच्या छावणीतल्या बायका सरपणाला बाहेर पडल्या की वाटेत बंदूकवाले गाठायचे, आणि पुरुष गेले तर जिवंत परत येत नाहीत म्हणून जायचं बायकांनीच. ज्या दिवशी गस्तीची गाडी सोबत असेल त्या दिवशी सगळ्या मोळ्या घेऊन धडधाकट परत. माझ्यासाठी शांतता म्हणजे हेच. शांतता करारावर सह्या तर काय, २०१५ लाही झाल्या होत्या, वर्षभरात राजधानी जुबात पुन्हा गोळीबार सुरू.

सदाशिव_क:
अजिबात पटलं नाही. जुलै २०१६ ला जुबात शांतिसेना होती ना? तळाच्या आसपासच बायकांवर अत्याचार झाले, पुढे युएनने स्वतःच्या फोर्स कमांडरला काढलं. मूळ दुखणं राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे एकेकाळचे उपाध्यक्ष रिएक माचार यांचं सत्तेचं भांडण आणि तेलाचा पैसा. युद्ध पेटलं डिसेंबर २०१३ ला, युएनची शस्त्रबंदी आली जुलै २०१८ ला! तोवर बंदुका येतच राहिल्या, गस्त घालून काय होणार?

रानपाखरू:
सदाशिवराव, तिकडे लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी गाई द्यायच्या असतात, गाई पळवल्या की गावंच्या गावं एकमेकांवर उठतात. आपल्या जवानांनी मलकालला गुरांचा दवाखाना चालवला, लोक लांबून गुरं घेऊन यायचे. गाय जगली तर घर जगतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

सदाशिव_क:
दवाखाना चांगलाच आहे हो, पण बरी केलेली गाय उद्या कोणी एके-४७ दाखवून नेली तर?

मळवाट:
मान्य, शस्त्रबंदी हवीच आणि ती कडक हवी. पण गस्त घालून काय होणार असं म्हणू नका. एप्रिल २०१३ ला तिथल्या जोंगलेई राज्यात आपले पाच जवान गेले, डिसेंबरात अकोबोच्या तळावर आणखी दोन, तिथे जीव वाचवायला आत आलेले गावकरी होते. त्याच महिन्यात युएनने तळांची दारं उघडली म्हणून हजारो माणसं वाचली.

सदाशिव_क:
त्या जवानांबद्दल मनापासून आदर आहे, गस्त बंद करा असं मी म्हणतच नाहीये. पण २०१८ च्या शांतता करारातली निवडणूक पुढे ढकलत ढकलत २०२६ वर नेली, मार्च २०२५ ला माचार नजरकैदेत. तेलाचा पैसा कुठे जातो हे कोणी विचारणार नसेल तर त्या बायकांना आयुष्यभर गाडीमागूनच सरपणाला जावं लागेल.