चार वर्षांच्या मुलीसाठी जर्मन: ऑनलाइन क्लास, ॲप की पुस्तकं?

चिंचवडची_केतकी:

नमस्कार मंडळी. नवरा चाकणच्या कंपनीतर्फे श्टुटगार्टला गेलाय. मी आणि लेक जानेवारीत जातोय. ओवी चार वर्षांची आहे, तिथे गेल्यावर तिला किटात, म्हणजे तिकडच्या बालवाडीत घालायचंय. घरी मराठी, प्लेग्रुपमुळे जुजबी इंग्रजी, जर्मनचा मात्र गंधही नाही. मी मॅक्स म्युलर भवनमधून ए१ केलंय, म्हणजे दुकानात निभावेल एवढंच.

एका ऑनलाइन क्लासचे रोज फोन येतायत. दहा मुलांची बॅच, आठवड्यातून तीनदा पाऊण तास, शेवटी सर्टिफिकेट. मैत्रीण म्हणते ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घे. सासूबाईंनी जर्मन मुळाक्षरांचा तक्ता आणलाय आणि त्या रोज दुपारी ओवीकडून तो म्हणवून घेतात. नवऱ्याचं म्हणणं, इथे सगळं मिळतं, तिथे खर्च करू नकोस. मला रात्री झोप लागत नाही ती एकाच विचाराने: तिला शू लागली आणि सांगता आलं नाही तर? माझे उच्चार कच्चे आहेत, मी शिकवलं तर चुकीचंच डोक्यात बसेल का? लहान मूल घेऊन गेलेल्यांनी सांगा, काय घेतलंत?

बाणेरचा_बाबा:

आम्ही हॅम्बुर्गला होतो. तिला आवडणारं कार्टून जर्मनमधून लावून द्या, आपोआप कानावर पडतं. क्लासला पैसे घालू नका.

नेकारकाठ:

केतकी, मी मूळची साताऱ्याची, आता श्टुटगार्टजवळच्या एका किटात सहायक म्हणून काम करते. आमच्या गटात दर वर्षी जर्मन अजिबात न येणारी मुलं असतात, अलीकडे भारतातलीही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शूचं. तिला चार वाक्यं द्या, पाचवं नको. "इश मुस आउफ्स क्लो", मला शूला जायचंय. "हिल्फ मिर बिट्टं", मला मदत करा. "श्टॉप, दास विल इश निश्ट", थांब, मला हे नकोय. आणि "कान इश मिटश्पीलन?", मी पण खेळू का? तिसरं वाक्य मी मुद्दाम दिलंय. आपल्या मुली गप्प बसून सहन करतात, इथे मुलांना हात पुढे करून "श्टॉप" म्हणायला शिकवतात आणि बाकीची मुलं ते मानतात. ही वाक्यं बाहुल्यांच्या खेळात आणा. बाहुलीला शू लागू दे, बाहुलीचं खेळणं कोणी ओढू दे. आणि एवढं करूनही ऐन वेळी तिला शब्द सुचला नाही, तरी पाय जुळवून उभं राहिलेलं मूल आम्हाला लांबून कळतं. शिवाय सुरुवातीला आई किंवा बाबा गटातच बसतात. बऱ्याच किटांत पहिले तीन दिवस मुलाला सोडून जायचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत. तुम्ही तिथेच असाल. झोपा आता.

आता कार्टून. बाणेरचा बाबा यांच्याशी मी सहमत नाही. अमेरिकेत सिअॅटलला नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग झाला होता, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचली. काहींना त्याच माणसांचं तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. समोर माणूस असलेली बाळं मँडरिनचे आवाज वेगळे ओळखू लागली, टीव्हीवाली नाही. ओवी बाळ नाही, चार वर्षांची मुलगी चित्रावरून बरंच उचलते, हे खरं. पण कार्टून तिच्या बोलण्याला उत्तर देत नाही, आणि किटात तिला सगळा वेळ उत्तरं द्यायची-घ्यायची आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने या वयाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको म्हटलंय. तो तास जपून वापरा. लावायचंच तर 'झेंडुंग मिट डेअर माउस' हा मुलांचा टीव्ही कार्यक्रम लावा आणि शेजारी बसा. १९७१ पासून चालू आहे, छोटे छोटे तुकडे असतात, एखादी वस्तू कारखान्यात कशी बनते असलं काही. त्याची सुरुवात आधी जर्मनमध्ये आणि मग दुसऱ्या एखाद्या भाषेत सांगतात. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलांना इतकं आपलंसं वाटणारं दुसरं काही मला माहीत नाही.

क्लासचा हिशेब तुम्हीच करा. पाऊण तास भागिले दहा मुलं, ओवीच्या वाट्याला साडेचार मिनिटं, तीही स्क्रीनसमोर पाठ ताठ ठेवून. सर्टिफिकेट इथे कोणी विचारत नाही. एकाच मुलाशी व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बोलणारं कोणी असेल तर मात्र वेगळी गोष्ट. २०१४ च्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं अशा कॉलवरून नवे शब्द शिकली, आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत. आणि असा माणूस तुमच्याकडे फुकटात आहे, ओवीचे बाबा!

त्यांना सांगा, तिथल्या दुकानातून एका विमेलबुखच्या दोन प्रती घ्या. मोठी जाड पानं, प्रत्येक पानावर गजबजलेलं चित्र, रेल्वे स्टेशन, बाजार, पोहण्याचा तलाव, आणि मजकूर जवळजवळ नाहीच. एक प्रत त्यांनी ठेवावी, एक चाकणला येणाऱ्या सहकाऱ्याबरोबर पाठवावी. रोज कॉलवर एकच पान दोघांनी उघडायचं. "वो इस्ट डेअर हुंट?", कुत्रा कुठेय? तिने बोट ठेवून कॅमेऱ्याला दाखवायचं. मजकूर नसल्यामुळे तेच पान तुम्ही मराठीतही वाचू शकता, हा त्याचा मोठा गुण. जोडीला पिक्सीची पुस्तकं. १९५४ पासून निघतायत, तळहातावर मावणारी, दहा सेंटीमीटर चौरस, एका कॉफीपेक्षा स्वस्त. किटात सगळ्या मुलांच्या ओळखीची असतात.

खेळ एकच सुचवते, 'ओब्स्टगार्टन'. रंगांचा फासा टाकायचा, त्या रंगाचं फळ झाडावरून काढायचं, कावळा यायच्या आत सगळ्यांनी मिळून बाग रिकामी करायची. कोणी एकटं हरत नाही, त्यामुळे रुसवेफुगवे नाहीत. रंग, फळं आणि "आता तुझी पाळी" हे सगळं त्यात न शिकवता येतं. आमच्या कपाटातला तो डबा कडा झिजेस्तोवर वापरलेला आहे.

ॲपमध्ये बहुतेक नुसती नामं असतात. सफरचंद, हत्ती, विमान. वाळूत खेळताना हत्ती उपयोगी पडत नाही, "मला ते फावडं दे" उपयोगी पडतं. पैसे वाचवा.

उच्चारांचं मनावर घेऊ नका. ते ती मुलांकडूनच उचलेल, आणि ती मुलं श्वाबिश, म्हणजे इथल्या बोलीच्या, वळणाचं बोलतात. तुमच्या ए१ने तिला एवढं कळेल की ही भाषा आपली आईपण बोलते.

वाकडेवाडी_आजोबा:

इतका खटाटोप कशाला? मुलं तीन महिन्यांत पोपटासारखी बोलतात. माझ्या नातवंडांनी काहीही शिदोरी न घेता तिकडे केलंच ना.

नेकारकाठ:

आजोबा, तुमच्या नातवंडांचं कौतुकच आहे, पण तीन महिन्यांचा हा शब्द आयांना फार छळतो. बरीच मुलं आधी कित्येक महिने गप्प असतात. ऐकतात, बघतात, गटात नाचतात, पण बोलत नाहीत. ते अगदी नॉर्मल असतं. आणि इकडे आई रोज विचारते, "आज काय बोललीस? आजीला जर्मन बोलून दाखव." मग मूल घरीही मिटून जातं. केतकी, हे एवढं कृपया करू नका. खेळापुरतं बोलणं आधी येतं, ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला वर्षं लागतात. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या राज्यात, शाळेआधीच्या तपासणीत भाषाही बघतात, पण ओवीकडे वेळ आहे.

चिंचवडची_केतकी:

खूप खूप आभार ताई. वाचताना रडूच आलं. विमेलबुखचं ह्यांना लगेच कळवलं. पण सासूबाईंच्या तक्त्याचं काय करू? त्या फार मनापासून करतायत, थांबा म्हणवत नाही.

नेकारकाठ:

थांबवू नका, काम बदलून द्या. इथे किटात मुळाक्षरं गिरवून घेत नाहीत, ते सहाव्या वर्षी शाळेत. आजींना सांगा, ओवीला मराठी गोष्टी हव्यात, आणि त्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. इथे टोनीबॉक्स नावाचा मुलांचा स्पीकर मिळतो, त्यावर बाहुली ठेवली की गोष्ट सुरू होते. त्याची एक कोरी बाहुली येते, तिच्यात आपलं स्वतःचं रेकॉर्डिंग दीड तासापर्यंत भरता येतं. जिचं मराठी भक्कम असतं ती मुलगी जर्मनमध्येही गोष्टीचा धागा लवकर धरते, हे मी गटात बघते.

टोनीबॉक्स तिकडून मागवू नका, इथे येऊन घ्या. जर्मन गोष्टींच्या बाहुल्या पहिल्या वर्षी विकत घेऊच नका, चित्राशिवाय नुसतं ऐकून तिला काही कळणार नाही, गाणी चालतील. पुस्तकांसाठी मायलेंडर प्लाट्झवरच्या मोठ्या पांढऱ्या ग्रंथालयात जा, मुलांचं कार्ड फुकट असतं. जानेवारीत थंडी खूप असते, बॅगेत पुस्तकांपेक्षा मोजे जास्त भरा.