मदत हवी आहे: मराठी शाळेतील मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी फेंटानिलबद्दल कसे बोलावे?

नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहते आणि आमच्या भागातील रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. तेरा ते सतरा वर्षांची मुले, त्यांचे आईवडील आणि इथे मुक्कामाला आलेले आजी-आजोबा यांच्यासाठी फेंटानिल या अतितीव्र अमली वेदनाशामकाविषयी दीड तासाची बैठक घ्यायचे आम्ही ठरवले आहे. माहिती जमवली आहे; अडचण आहे ती सांगण्याच्या पद्धतीची.

निमंत्रणावर ‘व्यसनमुक्ती’ असे लिहावे, ही पहिली सूचना आली. तसे लिहिले तर कोणी येणार नाही, कारण आपल्या घरात व्यसन आहे असे कोणीच मानत नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यासाठी मित्राकडून ॲडरॉलची, किंवा जीव घाबरा होतो म्हणून झॅनॅक्सची एक गोळी घेणाऱ्या मुलालाही कसलेच व्यसन नसते. समाजमाध्यमांवरून विकत घेतलेली अशी गोळी रंग, आकार आणि छाप यांसकट खऱ्या गोळीसारखी हुबेहूब दिसत असली, तरी तिच्यात फेंटानिल असू शकते. ते हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र असून दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढे, जीव घेऊ शकते. डीईए या अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणेच्या प्रयोगशाळेने २०२३ मध्ये तपासलेल्या फेंटानिलयुक्त बनावट गोळ्यांपैकी दर १० पैकी ७ गोळ्यांत जीवघेणी ठरू शकेल एवढी मात्रा होती. शिवाय शिऱ्यात बेदाणे जसे कुठे दाट तर कुठे विरळ पडतात, तसे ते गोळीत पसरलेले असते. त्यामुळे अर्धी गोळी घेऊन मित्राला काही झाले नाही, म्हणून उरलेली अर्धी सुरक्षित ठरत नाही.

माझ्या मते सुरुवात आपल्या औषधांच्या डब्यापासून करावी. आपण भारतातून पिशवीभर औषधे आणतो आणि “माझ्याकडची एक घे, लगेच बरं वाटेल” असे म्हणत प्रेमाने एकमेकांना देतो. ओळखीच्या माणसाने दिलेली गोळी विश्वासाची, हे मूल घरातच शिकते. पालकांना दोषी न वाटू देता हे कोणत्या शब्दांत सांगावे?

दुसरा भाग नालोक्सोनचा, म्हणजे फेंटानिलसारख्या पदार्थाच्या अतिमात्रेचा परिणाम तात्पुरता उलटवणाऱ्या औषधाचा. आमच्या राज्यात चौदा वर्षांवरील कोणालाही सहभागी फार्मसीतून त्याचा नाकात मारायचा फवारा नाव न सांगता मोफत मिळतो. तो आजी-आजोबांनाही शिकवावा असे मला वाटते, कारण दुपारी मुले घरी येतात तेव्हा अनेकदा तेच घरी असतात. श्वास मंदावलेला, ओठ निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि घशातून घरघर, ही लक्षणे ठाऊक नसली तर मूल गाढ झोपले आहे असेच वाटेल. ९११ ला फोन करणे, एका नाकपुडीत फवारा मारणे, श्वास सुरळीत झाला नाही तर दोन-तीन मिनिटांनी दुसरा मारणे, आणि मूल शुद्धीवर आले तरी रुग्णालयात नेणे, कारण नालोक्सोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो: एवढे त्यांच्या हातून करवून घ्यायचे आहे. ज्यांना इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो, त्यांच्याकडून ९११ च्या फोनचा सराव कोणी करून घेतला आहे का?

मदतीसाठी फोन करणाऱ्याला आणि रुग्णाला अमली पदार्थ जवळ बाळगल्याबद्दलच्या अटकेपासून इथला २०१३ चा कायदा संरक्षण देतो. तरीही एच-वन-बी व्हिसावरील कुटुंबांच्या मनात पोलिसांची भीती असते. एखाद्या वकिलाने बैठकीत येऊन, किंवा इथेच, यावर नेमके लिहिले तर फार उपकार होतील.

शेवटचा प्रश्न ज्यांनी अशी बैठक घेतली आहे त्यांना: मुले आणि पालक एकत्र बसले की मुले गप्प होतात, वेगळे बसवले तर घरी जाऊन संवाद होत नाही. आपण काय केले, आणि मुलांनी कोणते प्रश्न विचारले, ते कृपया सविस्तर लिहावे.