मदत हवी आहे: शाळेतला नेम कॉलेजात टिकेल का?
मंडळी, मी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा माजी विद्यार्थी. आमच्या बास्केटबॉल संघात येऊ घातलेल्या बारावीतल्या एका गार्डचे (बास्केटपासून लांब राहून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूचे) सामने पाहतोय. पोरगा लांबून सुरेख टाकतो. पण शाळेत तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर, कॉलेजात २२ फूट पावणेदोन इंचांवर! मग फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या, कुणी न अडवता टाकायच्या फेकीची) टक्केवारी जास्त भरवशाची मानावी का? ती रेषा दोन्हीकडे १५ फुटांवरच असते.

शाळकरी खेळाडूंना तारे देऊन केलेल्या मानांकनावर माझा फारसा विश्वास नाही. ७ फूट ४ इंचांचा आमचा झॅक ईडी पाचपैकी तीन तारेवालाच होता, त्यानेच २०२४ मध्ये आम्हाला राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं.

आणखी एक, क्लिपांमध्ये नुसत्या बास्केटच दिसतात. बचाव जोखायला पूर्ण सामन्यात नेमकं काय पाहता?