मदत हवी आहे: कार्नारव्हनची बोली वेल्श कशी शिकू?

आम्ही उत्तर वेल्समध्ये कार्नारव्हनला राहतो, मुलगी वेल्श माध्यमाच्या शाळेत आहे आणि मला गेटवर इतर आयांशी वेल्शमध्येच बोलायचंय. आठ महिने ॲपवर शिकले, पण तिथे दुधाला 'ल्लाइथ' आणि आत्ताला 'नाउर' शिकवलं, ते दक्षिणेकडचं निघालं. इथे दुकानातल्या आजी म्हणाल्या 'ल्लेव्रिथ', आणि आत्ता म्हणजे 'रुआन'! 'हवंय'साठी पुस्तकात 'एइशा' लिहितात, इथे सगळे 'इशो' म्हणतात. एस-फोर-सी हे वेल्श टीव्ही चॅनेल सबटायटल लावून बघते, अर्थ कळतो पण तोंडातून काही निघत नाही. रात्रपाळी असल्यामुळे संध्याकाळचा क्लास जमत नाही, प्रवासात रोज वीसेक मिनिटं ऐकता येतं. व्याकरणाचं पुस्तक आहे, ते नकोय.

दोन गोष्टी सांगा. उत्तरेकडची रोजची बोली ऐकायला रेडिओ कमरी या बीबीसीच्या वेल्श रेडिओवरचा नेमका कोणता कार्यक्रम धरू, ज्यात साधी माणसं गप्पा मारतात? आणि टीचरना चिठ्ठी लिहिताना 'मी नाही'साठी बोलीतलं 'दु इ दिम' चालतं का, की पुस्तकी 'निद उइव' लिहायचं? आपण 'केलं' बोलतो आणि अर्जात 'केले' लिहितो तसंच आहे, की तिथे 'निद उइव' फारच जड वाटेल?